काकांनी पिनबॉलची एक बाजू घासून टाकली, आता बाकीचं रंगवायचं का ठेवायचं?

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. मी सांगलीचा, गावभागात राहतो. आम्ही पाच जण जुन्या वस्तू दुरुस्त करतो, आधी व्हॉल्व्हचे रेडिओ केले, मग मागच्या वर्षी वर्गणी काढून एक पिनबॉल मशीन घेतलं, नाणं टाकून उतरत्या फळीवर चेंडू खेळवायचा तो खेळ, गॉटलीब कंपनीचं, सत्तरच्या दशकातलं, स्कोअरची चाकं फिरतात ते. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या घरात २०१९ चा पूर शिरला होता, पेटीचा खालचा भाग पाण्यात होता. खालच्या कडा फुगल्यात, पुढच्या बाजूचा रंग पोपडे होऊन पडलाय, पण डावी बाजू आणि वरचं डोकं, म्हणजे स्कोअर दिसतो तो उभा भाग, बऱ्यापैकी चांगलं आहे. आमच्यातले एक काका आयुष्यभर कुपवाड एमआयडीसीत पेंट शॉपला होते. त्यांनी कुणाला न विचारता उजव्या बाजूवर सँडर फिरवला, थेट लाकूड दिसेपर्यंत. त्यांना आख्खी पेटी कारसारखी पीयू (पॉलियुरेथेनचा चकचकीत रंग) मारून चकाचक करायचीय आणि चित्रं फ्लेक्सवाल्याकडून स्टिकर काढून लावायचीत. धाकटा मेंबर म्हणतो जुन्या रंगाला हातच लावायचा नाही. त्यानं ग्रुपवर लिहिलं 'काका तुम्ही मशीन मारलं', काका ग्रुप सोडून गेले. मशीन माझ्या घरी आहे, आणि यंदा गणपतीत मंडळाच्या मंडपात ठेवायचं कबूल करून बसलोय. काय करू?"

दादा, रंगाचं आणि काकांचं सगळं बोलू, पण आधी ज्या खोलीत सँडर फिरला त्या खोलीचं बघा. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन रंगात शिसं असण्याची बरीच शक्यता असते, तिकडं घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, आणि आपल्याकडं ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा प्रत्यक्ष लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणजे तो धुरळा साधा लाकडाचा भुसा नाही. झाडू मारू नका, पंखा लावू नका, ओल्या फडक्यानं सगळं पुसून घ्या, भिंतीच्या कडा, खिडकीचा कट्टा, मशीनच्या आतला भाग सुद्धा, आणि ती फडकी पिशवीत बांधून टाका. घरात लहान मुलं असतील आणि ती त्या खोलीत वावरली असतील तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, उगाच घाबरून जाऊ नका पण टाळू पण नका. आणि इथून पुढं त्या मशीनवर कोरडं घासायचं बंद, वॉटर पेपर घ्यायचा, पाणी शिंपडून ओलंच घासायचं, तोंडाला एन-९५, आणि घासताना खोलीत दुसरं कोणी नको. हे काकांना पण सांगा, त्यांनी तर तो धुरळा सगळ्यात जास्त खाल्लाय.

आता मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. डोकं आणि डावी बाजू आहे तशी ठेवा, उजवी बाजू आणि पुढची बाजू रंगवा, आणि नवा रंग डाव्या बाजूच्या आजच्या रंगाला जुळवा, फॅक्टरीतून निघाला तेव्हाच्या रंगाला नाही. धाकटा म्हणतो हातच नको, पण उजव्या बाजूला आता वाचवायला फारसं काही उरलेलं नाही आणि उघडं लाकूड सांगलीच्या पावसाळ्यात तसंच सोडलं तर दोन वर्षांत ते परत फुगणार. काका म्हणतात सगळं नवं, पण डावी बाजू घासली की तुमच्याकडची एकुलती एक मूळ प्रत गेली. रंगवायला काय, पाच वर्षांनी पण रंगवता येईल, घासलेलं मात्र कुणालाच परत आणता येणार नाही. म्हणून जिथं शंका आहे तिथं थांबायचं. आणि मशीन बघणारा माणूस एका वेळी एकच बाजू बघतो, दोन्ही बाजू शेजारी ठेवून कुणी ताडून बघत नाही, त्यामुळं एक जुनी एक नवी हे वाटतं तितकं विचित्र दिसत नाही, रंग नीट जुळवला तर.

या जुन्या रंगाचं एवढं कौतुक कशाला, असं काकांना वाटत असणार, आणि ज्या माणसानं आयुष्यभर फॅक्टरीत एकसारखा आरशासारखा फिनिश काढला त्याला तसं वाटणं साहजिक आहे, कारण पिनबॉलच्या पेटीवरचा रंग त्या हिशोबानं बघितला तर कच्चाच दिसतो. पण तो तसाच असायचा. ही मशीनं बनायची शिकागोत आणि आसपास, गॉटलीब, विल्यम्स, बॅली, सगळे तिथलेच. गॉटलीबनं १९३१ ला बॅफल बॉल काढलं तिथून हा धंदा मोठा झाला, १९४७ च्या हम्प्टी डम्प्टीला पहिल्यांदा फ्लिपर आले, म्हणजे बटण दाबून चेंडू परत वर मारायची सोय, त्याच्या आधी नुसता चेंडू सोडायचा आणि नशीब बघायचं. म्हणून तर न्यूयॉर्कमध्ये याला जुगार ठरवून १९४२ पासून १९७६ पर्यंत बंदी होती. अशा धंद्यात पेटीवर कोण महिनाभर काम करत बसणार? एक फिका बेस कलर मारायचा, त्यावर स्टेन्सिल धरायचं, गननं एक रंग, मग दुसरं स्टेन्सिल, दुसरा रंग, झालं, पेटी पुढं. म्हणून जवळून बघितलं की कडा जरा धूसर असतात, दोन रंगांच्या मध्ये कुठं फट राहिलेली असते कुठं एकावर एक चढलेला असतो, काही मशिनींवर तर बेसवर मुद्दाम जाळीसारखे नाहीतर शिंतोड्यांचे रंग उडवलेले असतात. बारीक नजाकतीचं चित्र डोक्याच्या काचेवर, गॉटलीबच्या सत्तरच्या दशकातल्या काचांवरची बरीच चित्रं गॉर्डन मॉरिसन यांची आहेत. पेटीचं काम एवढंच, हॉलच्या त्या टोकाला उभ्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे. हे एकदा लक्षात आलं की पीयूची चकाकी इथं का नको ते आपोआप कळतं. मला स्वतःला तो धूसर कडांचा रंग फार आवडतो, त्यात गनवाल्याचा हात दिसतो.

तर पहिलं काम, ब्रश नाही, पेपर नाही, फक्त उतरवून घेणं. डाव्या बाजूचे सरळ समोरून फोटो काढा, मशीनवर एक स्टीलची पट्टी चिकटवून, म्हणजे माप कळतं. मग स्टेशनरीच्या नाहीतर स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानातून पॉलिस्टर फिल्म आणा, पारदर्शक, ती बाजूवर अंथरून बारीक मार्करनं एकेका रंगाची कड उतरवा, प्रत्येक रंगाला वेगळी फिल्म. ट्रेसिंग पेपर घेऊ नका, पावसाळी हवेत कागद ताणतो आणि आख्ख्या पेटीच्या लांबीवर तो फरक डोळ्याला दिसण्याइतका होतो. पायाच्या बोल्टची भोकं आणि पेटीच्या कडा प्रत्येक फिल्मवर मारून ठेवा, नंतर सगळ्या फिल्म एकावर एक बसवायला त्याच खुणा लागतात.

उजव्या बाजूचं काय, तर तीही पूर्ण गेली असं समजू नका. रात्री खोलीत अंधार करा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा मारा. रंगाचा थर जिथं एकावर एक होता तिथं कधीकधी लाकडात बारीक उंचवटा नाहीतर सावली राहते, सँडर किती खोल गेलाय त्यावर आहे. जे दिसेल ते पेन्सिलनं लगेच मारून घ्या. आणि काठाला, साइड रेलच्या (वरच्या कडेची धातूची पट्टी) खाली, पायाच्या पत्र्याखाली सँडर पोचलेला नसतो, तिथं मूळ रंगाच्या पट्ट्या सापडतील. बऱ्याच मशिनींना दोन बाजूंचं चित्र एकमेकाचं आरशातलं रूप नाहीतर अगदी सारखं असतं, पण असं गृहीत धरून फिल्म उलटी करून वापरू नका, आधी काचेवरचं मशीनचं नाव बघून इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर तेच मॉडेल शोधा, तिथं लोकांनी टाकलेले पेटीचे फोटो असतात, त्यात उजवी बाजू दिसली की ताडून बघा.

काच निघालीच आहे विषयात तर, ती मागून पुसायची नाही, कोलिन नाही, ओलं फडकं नाही, काही नाही. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि इतक्या वर्षांनी ते पापुद्र्यासारखं सुटत असतं. काढा, उभी ठेवा, दोन्हीकडून मऊ कापड लावा, आणि रंगाचं काम होईस्तोवर दुसऱ्या खोलीत.

लाकडावर मात्र वेळ घालवा, खरं काम तिथंच आहे आणि सगळे तिथंच घाई करतात. त्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, सांगलीकराला मी काय सांगणार. पिनबॉलचे पाय साधारण अडीच फुटांच्या आसपास असतात, म्हणजे घरात तीन फूट पाणी आलं तरी पेटीचा तळ बुडाला. वरून सुकलेलं दिसत असेल पण प्लायच्या थरात आणि कोपऱ्यांच्या सांध्यात नदीचा गाळ बसलेला असतो, तो ओल धरून ठेवतो. आधी आतलं सगळं बाहेर काढा, रिले बसवलेली फळी, ट्रान्सफॉर्मर, वायरिंगला टॅग लावून, फोटो काढून. मग पेटी उलटी करून फुगलेल्या जागा पटाशीनं हळू उघडा, मऊ ब्रशनं गाळ झाडा, ओलसर स्पंजनं पुसा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवू नका, एका बाजूनं वाळून प्लाय वाकतं. हीटर पण नको.

जिथं थर नुसते सुटलेत तिथं इंजेक्शनच्या सिरिंजनं फेविकॉल आत सोडून दोन्ही बाजूंनी फळ्या लावून क्लॅम्प मारा, फळी आणि प्लायच्या मध्ये प्लास्टिक ठेवा, नाहीतर फळीच चिकटून बसते. साधा फेविकॉल एसएच नको, फेविकॉल मरिन घ्या, साधा परत ओल लागली की सुटतो. जिथं लाकूड बोटानं दाबलं तर चुरा होतंय तिथं चिकटवाचिकटवी करत बसू नका, ती पट्टी सरळ कापून काढा आणि आयएस ७१० च्या मरिन प्लायची नवी पट्टी तिरका सांधा करून बसवा. डाव्या बाजूला पण खालची इंचभर नाहीतर दोन इंचाची पट्टी जाईल असं मला वाटतं, तेवढी जाऊ द्या, ती नंतर टचअप होते. पण वरचा रंग वाचवायचा म्हणून कापायच्या रेषेच्या वर आधी टेप लावा, आणि टेप कमी चिकटचा घ्या, खाकी पॅकिंगचा टेप ओढला तर मूळ रंग त्याच्यासोबत येईल.

कोपरे बघा. पायाचे बोल्ट कोपऱ्यातून जातात, आख्खं मशीन शंभर किलोच्या घरात, सगळा भार त्या सांध्यावर, त्यात कुणीतरी मशीन न उचलता ओढलेलं असतं. आतले कोपऱ्याचे ठोकळे सुटले असतील तर नवे सागाचे करून घ्या, सुताराला अर्ध्या दिवसाचं काम आहे. बोल्ट बदलायला लागले तर हार्डवेअरवाला एम-१० देईल, ते जबरदस्तीनं आवळू नका, मूळ बोल्ट ३/८ इंचाचे, इंचाला १६ आटे. एम-१० अर्धा जातो आणि मग प्लेटचे आटे खाऊन टाकतो. खड्डे भरायला एमआरएफ नाहीतर कुठलीही कार बॉडीची दोन डब्यांची लांबी (खड्डे भरायची पुट्टी) चालेल, भिंतीची पुट्टी चालणार नाही, ती पहिल्या धक्क्याला निखळते.

लाकूड तयार झालं की थेट रंग नको. आधी लाख. आणि यासाठी तुम्ही जगात सगळ्यात बऱ्या ठिकाणी राहताय, दहा किलोमीटरवर मिरज आहे. सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यं करणाऱ्यांना लाखेचं पॉलिश शिकवावं लागत नाही, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं ते उगाच नाही. तिथं एखाद्या कारागिराला विनंती करून चपडा लाख स्पिरिटमध्ये कशी विरघळवायची, किती पातळ, हात कसा फिरवायचा ते बघून या. फक्त एक लक्षात ठेवा, तुम्हाला वर रंग मारायचाय, त्यांना नसतो मारायचा, म्हणून लाख विरघळली की बाटली हलवू नका, मेण तळाला बसू दे, वरचं स्वच्छ द्रावण हळूच ओतून तेवढंच वापरा. मेण राहिलं की वरचा रंग नीट धरत नाही. लाखेचा फायदा असा की जुना लाल रंग नव्या पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येतो ना, ते थांबतं, आणि डाव्या बाजूच्या टचअपच्या जागी जुना आणि नवा रंग यांच्यामध्ये एक पडदा राहतो, उद्या कुणाला तुमचं काम काढायचं झालं तर स्पिरिटनं काढता येईल.

आता पीयू. काकांना सांगताना नुसतं "ते बरं दिसत नाही" म्हणू नका, खरं कारण सांगा. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते स्प्रे करताना फुफ्फुसात गेलं की दमा लागतो आणि एकदा अंगानं धरलं की आयुष्यभर थोड्याशा वासानं पण त्रास होतो. कारखान्यात त्याला बूथ असतो, हवा ओढणारे पंखे, हवा पुरवणारा मास्क. गावभागातल्या घराच्या पडवीत काय आहे? शेजारी, पोरं, आणि कापडी मास्क. काकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार, फक्त घरी करताना माणूस विसरतो.

त्याऐवजी वॉटरबेस अॅक्रिलिक इनॅमल घ्या, सॅटिन फिनिश, ग्लॉस नको. ड्युको (गननं मारायचा थिनरवाला जुना कार-रंग) पण चालतो, फॅक्टरीच्या फिनिशच्या जवळ जातो, पण त्याचा थिनर जुना रंग उचलतो म्हणून डाव्या बाजूच्या जवळपास सुद्धा नको, आणि दमट हवेत ड्युको पांढरा पडतो. ऑइलपेंट मारलात तर आठवडाभर थांबल्याशिवाय त्यावर टेप लावू नका.

रंग जुळवणं हे खरं डोळ्याचं काम. पेंटच्या दुकानात टिंटिंग मशीन असतं, पण शंभर किलोची पेटी काउंटरवर नेता येत नाही, म्हणून उलटं करा, कार्ड पेपरचे तुकडे घ्या, दुकानातून जवळचा रंग थोडा आणा, घरी त्यात थेंब थेंब घालत तुकडे रंगवा, पूर्ण सुकू द्या, वॉटरबेस सुकल्यावर गडद होतो, आणि सकाळी दारात उजेडाला डाव्या बाजूशी धरून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उजेडात वेगळा दिसतो. पांढरा तर पांढरा नसेलच, पिवळसर झालेला असेल, डब्यातला कोरा पांढरा मारलात तर उजवी बाजू आख्ख्या खोलीत एकटीच ओरडत बसेल. साइड रेलखाली जो न उडालेला मूळ रंग सापडेल त्याचे पण तुकडे बनवून ठेवा, मारायचे नाहीत, नुसते जपून ठेवायचे, पुढं कुणाला लागतील.

स्टेन्सिलसाठी मी तुम्हाला मार्केट यार्डात पाठवणार आहे. हळदीच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का मारायला पत्र्याची स्टेन्सिलं कापणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडं जाऊन एक गोष्ट बघा, आकाराच्या मधला तुकडा सुटून पडू नये म्हणून ते बारीक पट्ट्या कशा सोडतात. तुमच्या डाव्या बाजूच्या चित्रात पण अशा बारीक पट्ट्यांच्या जागी रंग तुटलेला दिसेल बघा. लोक त्याला डाग समजून ब्रशनं भरून टाकतात. भरू नका, तेच मूळ काम आहे.

तुमची स्टेन्सिलं जाड मायलर शीटची (पॉलिस्टर फिल्मच, पण जाड) नाहीतर पुठ्ठ्याची कापा, आणि पेटीवर घट्ट चिकटवू नका. व्हायनलचं मास्किंग चिकटवून मारलं की कड ब्लेडनं कापल्यासारखी येते आणि डाव्या बाजूशेजारी ती खोटी वाटते. पेटी आडवी झोपवा, स्टेन्सिल नुसतं ठेवा, वर नट-बोल्ट, वजनं ठेवा, कुठं पोस्टकार्डाच्या जाडीइतकं उचललेलं राहिलं तर राहू दे, गन सरळ वरून धरा, तिरकी नको, कमी प्रेशर, रंग जवळजवळ कोरडाच पडला पाहिजे, तीन चार पातळ हात. आधी एका जुन्या प्लायच्या तुकड्यावर पूर्ण चित्र मारून तो तुकडा डाव्या बाजूशेजारी ठेवून चार पावलं मागं या. कडेचा धूसरपणा सारखा आला का? नाही आला तर स्टेन्सिलची उंची बदला. तो हात बसेपर्यंत पेटीला हात नाही. आणि पुढच्या बाजूला कॉइन डोअर, म्हणजे नाणं टाकायचं दार, आधी काढा, त्याच्या चौकटीखाली मूळ रंग असतो, तो तसाच झाकलेला राहू दे.

फ्लेक्सच्या स्टिकरला मी नाही म्हणते ते याच कारणानं. नव्वदच्या दशकात कंपन्या स्वतःच छापील स्टिकरकडं वळल्या, त्या काळातल्या मशीनला स्टिकर लावला तर तो बरोबर आहे. तुमच्या मशीनला नाही. प्रिंटचे ठिपके जवळून दिसतात, कडा दोन उन्हाळ्यात उचलतात, आणि काढताना खालचा रंग घेऊन जातो.

आता काका. त्यांनी विचारायला हवं होतं, पाच जणांची वर्गणी आहे, हे त्यांना सांगायलाच लागेल, आणि ते तुम्हीच सांगायचं, ग्रुपवर नाही, घरी जाऊन, चहा घेत. पण त्याच्या आधी धाकट्याला घेऊन बसा. त्याचं म्हणणं बरोबर होतं पण वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर "तुम्ही मशीन मारलं" लिहायचं नसतं, ते वाचून त्या माणसानं किती दिवस हात लावून काम केलेलं सगळं एका ओळीत पुसलं जातं. त्यानं जाऊन "काका, चुकलं, असं बोलायला नको होतं" म्हणायचं, आणि तिथंच थांबायचं, पुढं "पण" जोडायचा नाही. मग तुम्ही काकांना सांगा की सँडर विचारल्याशिवाय फिरवला ते आम्हाला सगळ्यांना लागलं. दोन्ही गोष्टी बोलून झाल्या की विषय संपवा, सहा महिने तेच उगाळत बसू नका.

आणि काकांना खोटं काम देऊ नका, मन राखायला. खरं काम आहे. तुमच्या पाच जणांत कोरडा पातळ हात मारता येणारा माणूस तोच एक आहे. कारचा ओला चमकदार हात आणि हा कोरडा धूसर हात यात गन धरणं वेगळं, पण ज्याला एक येतं तो दुसरं आठवड्याभरात उचलतो, ज्याला काहीच येत नाही तो पेटी ओघळांनी भरून ठेवतो. ट्रेसिंग आणि स्टेन्सिल कापणं धाकट्याकडं द्या, त्याला तेवढा धीर आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. म्हणजे एकाच्या स्टेन्सिलशिवाय दुसऱ्याला गन मारता येत नाही. नमुन्याचा तुकडा पाचही जणांनी बघून हो म्हटलं की मगच पेटी. काय ठेवायचं काय रंगवायचं ते एका कागदावर लिहून पाच सह्या घ्या, मित्र असलात तरी, कारण पुढं कुणी विकायचा विषय काढणारच, आणि जाणकार घेणारा सगळ्यात आधी हेच विचारतो की मूळ रंग किती आहे आणि नवा कुठं मारलाय. तोच कागद, रंगाचे तुकडे आणि डब्यांचे नंबर पाकिटात घालून पेटीच्या आत चिकटवून ठेवा.

राहिला गणपतीचा शब्द. यंदा भाद्रपदात नको. पावसात लाकूड तोवर पुरतं वाळणार नाही, रंग धरणार नाही, आणि ओल्या मंडपात परत तेच प्लाय फुगणार. शिवाय ही मशीनं अमेरिकेच्या साधारण १२० व्होल्टवर चालणारी, आपल्या २३० ला थेट लावली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून आतल्या ट्रान्सफॉर्मरवर काय टॅप (वेगवेगळ्या व्होल्टची टोकं) आहेत ते जाणत्या माणसाला दाखवून, लागेल तो स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर), अर्थिंगसकट, लावल्याशिवाय मंडपातल्या पोरांच्या हाताखाली ते द्यायचंच नाही. मंडळाला आत्ताच जाऊन सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही. आत्ता पावसाळाभर ट्रेसिंग, लाकूड उघडणं आणि सावलीत वाळवणं, दसऱ्यानंतर सांधे आणि लाख, दिवाळी झाली की कोरड्या हवेत बेस आणि स्टेन्सिल, मग महिनाभर त्याला कुणी हात लावायचा नाही, मग पाय, साइड रेल, काच. माघी गणपतीपर्यंत होतंय आरामात, मंडळाला तीच तारीख द्या.